तिच्या मागचा आवाज

दर्शनाचा आवाज वजा करायला यंत्राला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

गुरुनाथ कुबल खुर्चीच्या कडेवर बसून बघत होता. फोनवरची जुनी संभाषणं त्याने स्वतःच केंद्राच्या संगणकात भरली होती. पडद्यावर प्रत्येक संभाषणाच्या दोन पट्ट्या दिसत होत्या. वरच्या पट्टीत त्याच्या बायकोचं, दर्शनाचं बोलणं होतं. जेवलास का, गॅसवाला येऊन गेला का, आईच्या गुडघ्याचं काय झालं. खालच्या पट्टीत तिच्या मागे सतत चालू असलेली घरघर होती.

"वरची पट्टी काढायची ना?" केतकी सबनीसने विचारलं. ती केंद्राची प्रमुख. गुरुनाथपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण त्याला कधी अरे-तुरे न करणारी.

"काढा."

"तुमच्या फोनवर मूळ आहे ना? नाहीतर थांबू या."

"आहे."

केतकीने बटण दाबलं. यंत्राच्या भाषेत वरच्या पट्टीला 'अनावश्यक ध्वनी' असं नाव होतं. ती पुसट होत गेली आणि नाहीशी झाली. खालची घरघर तेवढी उरली, आणि तिच्यात थोड्या थोड्या वेळाने येणारा एक 'खट्'. तो नमुना केतकीने शोधयादीत टाकला.

ती घरघर एका जहाजाच्या कोल्डरूमच्या कॉम्प्रेसरची होती. त्या कोल्डरूममध्ये दर्शना होती.

दर्शना जहाजावर भंडारी होती. स्वयंपाक करणाऱ्याला खलाशी अजूनही भंडारी म्हणतात, बाई असली तरी भंडारीच. आधी मालवणात तिची खानावळ होती. ती चालेनाशी झाली तेव्हा तिने जहाजावरच्या स्वयंपाकाचं शिक्षण घेतलं आणि पस्तिशी उलटल्यावर समुद्रावर गेली. नातेवाइकांनी नावं ठेवली. गुरुनाथने ठेवली नाहीत. तिच्या हातचं जेवण बंद होणार एवढंच दुःख त्याला होतं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. "म्हणजे माझ्यासाठी नाहीच वाटत काही," असं ती म्हणाली होती, आणि हा विषय तिने पुढे प्रत्येक सुट्टीत काढला.

मूलबाळ नव्हतं. ती जहाजावर असली की रोज संध्याकाळी भांडी आवरून कोल्डरूमच्या दाराला पाठ टेकून बसायची आणि तिथून फोन करायची. तिथे गारवा असायचा. आत कॉम्प्रेसर घरघरत असायचा. त्याचा एक भाग झिजला होता. नवीन भाग मागवून मागवून ती थकली, पण मालकाला उधार द्यायला कुठलाच दुकानदार तयार नव्हता. "म्हातारा खोकला बघ," ती म्हणायची. मग गुरुनाथही फोन उचलल्यावर आधी म्हाताऱ्याची तब्येत विचारायला लागला.

एका सकाळी तिच्या फोनवरून दिलावर बोलला. दिलावर बुरोंडकर, दापोलीकडचा. त्या जहाजावरचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दर्शनाबरोबर त्याचं हे तिसरं जहाज. तिला तो ताई म्हणायचा.

"गुरुभाऊ," तो म्हणाला, "ताई पोळ्या लाटता लाटता खाली बसल्या. उठल्याच नाहीत हो."

गुरुनाथला पुढचं बरंचसं ऐकूच गेलं नाही. शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"कप्तान म्हणतो, घरच्यांना विचार. समुद्राला द्यायचं, की..."

"घरी आणा," गुरुनाथ म्हणाला.

"आणतो," दिलावर म्हणाला.

तेव्हा दोघांनाही वाटलं होतं की आठवड्याचा प्रश्न आहे.

*

जहाजाचं नाव 'झरीना'. जुनं, मध्यम आकाराचं मालवाहू जहाज. त्याच्यावर कर्ज होतं. मालकावर नाही, जहाजावर. जहाजांचा कायदा असाच आहे. मालक कुठल्या देशात, कुठल्या कंपनीच्या नावामागे बसलाय ते सापडत नाही, म्हणून कायदा जहाजालाच कर्जदार धरतो. तेलाचे पैसे थकले, दुरुस्तीचे थकले, की उधार देणारे कोर्टात जातात आणि जहाज ज्या पाण्यात सापडेल तिथे त्याला अटक होते. कोर्टाचा माणूस होडीने येऊन वरच्या खोलीच्या काचेवर हुकूम चिकटवून जातो. मग जहाज विकून देणी भागेपर्यंत ते नांगरावर उभं. नांगरावरचं जहाज रिकामं सोडता येत नाही, ते वाहून जाईल, दुसऱ्यावर आदळेल. म्हणून माणसं त्याच्यावरच राहतात. कर्ज मालकाचं, अटक जहाजाला, आणि आत अडकतात खलाशी.

'झरीना'ने अटक टाळण्यासाठी बंदरं टाळली. आपली जागा कळवणारं यंत्र बंद केलं. बाजूला रंगवलेलं नाव खरवडून तिथे 'ब्लू ऑर्किड' असं लिहिलं. पूर्वी एवढ्यावर जहाज सुटायचं. समुद्र मोठा आहे, त्यात एक जहाज सहज हरवायचं.

आता हरवत नाही, आणि त्याला कारण गुरुनाथच्या केंद्रासारखी केंद्रं.

आचऱ्याजवळच्या टेकडीवरचं हे केंद्र फक्त ऐकण्याचं काम करतं. तिथून एक केबल निघते आणि समुद्राच्या तळावरून पश्चिमेला कितीतरी लांब जाते. केबलच्या आत केसाएवढी बारीक काचेची तार. तारेतून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडा उजेड मागे परततो. पाण्यात आवाज झाला की त्याच्या दाबाने तार किंचित ताणली जाते. हा ताण कुठल्याही पट्टीने मोजता येणार नाही एवढा कमी असतो, पण परतणारा उजेड तेवढ्यानेही बदलतो. म्हणजे तारेला जागोजागी कान उगवले आहेत असं समजा. केबल टाकली होती भूकंपासाठी. मग लक्षात आलं की तिला देवमासे ऐकू येतात, ट्रॉलर ऐकू येतात, आणि जहाजं तर अगदी स्वच्छ ऐकू येतात.

प्रत्येक जहाजाचा आवाज निराळा. जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या एखाद्या पात्याचा टवका उडालेला असतो, एखादा पंप कुरकुरतो, इंजिनाचा ठेका मागेपुढे असतो. माणूस दाढी वाढवून चेहरा लपवील, पण चालीवरून ओळखू येतो, तसंच. नाव बदलता येतं, झेंडा बदलता येतो. आवाज बदलायला जहाज मोडून नव्याने बांधावं लागेल.

गुरुनाथ तिथे पाळीवर बसायचा. काम यंत्रच करत असे. त्याने फक्त बघायचं आणि नोंद घ्यायची. या नोकरीत त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. बुडवे मालक पकडले जातात, चांगलंच आहे, असं त्याचं मत होतं. दर्शना गेल्यावर केतकीकडे तो स्वतःहून गेला आणि म्हणाला, "माझ्याकडे त्या जहाजाचा एक आवाज आहे."

*

घरात सुतक संपत नव्हतं. देह आला नाही म्हणून क्रियाकर्म नाही, आणि क्रियाकर्म नाही म्हणून दहावं-बारावं नाही. दर्शनाचा फोटो भिंतीवर लावायचा की नाही याबद्दल कुणी बोलत नव्हतं. गुरुनाथची सासू, दर्शनाची आई, वायरी गावातल्या घरातून इथे राहायला आली होती आणि दिवसभर पडवीत बसून असायची.

दर्शनाचा भाऊ संदेश एका रविवारी आला. बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसला.

"भावोजी, किती दिस असे बसतलात?" शेवटी तो म्हणाला. "आये धड जेवणा नाय. मी भटजींशी बोललंय. पालाशविधी करूया."

गुरुनाथला तो विधी माहीत होता. समुद्रात गेलेल्या आणि परत न मिळालेल्या माणसांसाठी मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या कितीतरी घरांत तो झालेला. पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. गुरुनाथच्या चुलत्याचा असाच केला होता. पानांच्या त्या माणसाला बघून चुलती पहिल्यांदा रडली होती.

"तो हरवलेल्यांचा असतो," गुरुनाथ म्हणाला. "ती हरवलेली नाही."

"मगे खंय आसा?"

"शोधतोय. सापडेल."

"आणि गावली तर?"

"तर घरी येईल."

पडवीतून सासू म्हणाली, "दर्यात गेलल्या बापाक तुझ्या धा वर्षां शोधल्यांनी, संदेश. तेव्हा येक बरा होता. मिळाचो नाय ह्या सगळ्यांका ठावक होता."

*

दोन आठवड्यांनी, दुपारच्या पाळीत, दक्षिणेकडून एक जहाज केबलच्या कानात आलं. यंत्राने लिहिलं: अनोळखी. 'झरीना'शी जुळणी बावन्न टक्के.

केतकी मागे येऊन उभी राहिली. "बुडाला शिंपले चढलेत. हळू चाललंय, इंजिनाचा एक भाग बंद दिसतोय," ती म्हणाली. "म्हणून ओळखता येत नाही त्याला. पण ही रेघ बघा."

पडद्यावर आवाजांचा धबधबा वरून खाली सरकत होता. इंजिनाच्या, पंख्याच्या रुंद, विस्कटलेल्या पट्ट्या, आणि त्यांच्यात एक बारीक सरळ रेघ. रेघेवर ठरावीक अंतराने एक ठिपका.

गुरुनाथने कानाला हेडफोन लावले. घरघर, घरघर, खट्.

फोनवर हा आवाज नेहमी तिच्या मागे असायचा. आता त्याच्या पुढे कुणी नव्हतं. तरी तो थोडा वेळ वाट बघत राहिला, जेवलास का म्हणून कुणी विचारील अशी.

"कुबल," केतकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं तिने कधी केलं नव्हतं. "जवळ येईल तशी जुळणी वाढेल. नव्वदच्या वर गेली की अहवाल आपोआप कोर्टाकडे आणि तटरक्षक दलाकडे जातो. ते माझ्याही हातात नाही. उद्या कधीतरी जाईल. आपल्या पाण्यात शिरलं की लगेच ताब्यात घेतील. मी बोलून ठेवते, दर्शनाताईंना सगळ्यात आधी उतरवतील. दोन-तीन दिवसांत घरी येतील त्या."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"जहाजावरचे."

केतकी थोडी थांबली. "त्यांचं कोर्ट बघेल. वेळ लागतो, पण बघतं. आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांनाही घरं आहेत, कुबल. त्या जहाजाला तेल देणारा एक अगदी लहान व्यापारी होता. धंदा बंद झाला त्याचा."

गुरुनाथने मान हलवली. तिचं बोलणं खोटं नव्हतं. तो घरी गेला, सासूला काही सांगितलं नाही, पण मागची खोली झाडून घेतली आणि तिथला पलंग बाहेर काढला. जागा लागणार होती.

संध्याकाळी दिलावरचा फोन आला. पैसे थकल्यामुळे जहाजावरचं इंटरनेट बंद पडलं होतं; एक छोटा उपग्रह फोन उरला होता, तो दिलावरच्या खिशात असायचा आणि आठवड्यातून एकदाच त्याच्यावरून फोन करत. आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

"गुरुभाऊ, चार दिवस राहिले. गुजरातेत भंगाराला लावतोय जहाज. एजंटाची बोली झालीय, वाळूत शिरलं की डेकवरच सगळ्यांचे पगार, आणि तिथूनच ज्याची त्याने घरची वाट धरायची. ताईंना मी स्वतः घेऊन येतो मालवणला. शब्द दिलाय तुम्हाला."

"जेवताय का नीट?"

"वरणभात. त्या दिवशी कोल्डरूममधलं मासळी-मटण सगळं बाहेर काढलं. तेव्हापासून पोरं ते दार उघडत नाहीत, पाया पडून पुढे जातात. वरण मी करतो. ताईंनी बघितलं असतं ना, तर समुद्रात फेकलं असतं." तो हसला. "वरण नाही, मला."

गुरुनाथलाही हसू आलं. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"तेल कमी आहे," दिलावर सांगत होता. "दिवे बंद, पंखे बंद, आंघोळीला पाणी बंद. म्हातारा तेवढा चालू ठेवलाय. मी सांगितलं नाही, पोरांनीच ठरवलं."

गुरुनाथने रिकाम्या केलेल्या मागच्या खोलीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "वाटेत अटक झाली तर?"



"तसलं बोलू नका," दिलावर म्हणाला. "मी आणि ताईंनी एकदा भोगलंय ते. इथली निम्मी पोरं पहिल्यांदाच जहाजावर चढलीत."

*

ते गुरुनाथला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका जहाजावर, दर्शना आणि दिलावर परदेशातल्या एका बंदराबाहेर वर्षाहून जास्त अडकले होते. किनारा दिसायचा, गाड्यांचे दिवे दिसायचे, पण उतरायची परवानगी नव्हती. पावसाचं पाणी धरून दर्शना भात शिजवायची. दिलावरचे वडील गेले तेव्हा तो डेकवर एकटा नमाज पढला आणि ती त्याच्या मागे बसून राहिली. एका पोराने पाण्यात उडी टाकली होती. त्याला वर काढलं, पण नंतर तो बोलेनासा झाला.

त्या वर्षभर गुरुनाथ रोज फोनवर नकाशा उघडून बघायचा. तिचं जहाज म्हणजे एक तांबडा ठिपका, न हलणारा. एकदा तिची समजूत काढायची म्हणून तो म्हणाला, "निदान तू कुठे आहेस ते मला ठाऊक आहे. तेवढ्याने धीर येतो."

ती चिडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुला ठाऊक आहे म्हणून मी सुटले का रे?"

दिलावरच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुनाथ पाळीवर आला तेव्हा जुळणी एक्क्याऐंशीवर होती. बाकी सगळ्या पट्ट्या अजून विस्कटलेल्याच होत्या. आकडा चढत होता तो एकट्या त्या रेघेमुळे. त्याने दिलेल्या रेघेमुळे.

त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहिलं तरी परवा दर्शना घरी आली असती. सासूने तिचा चेहरा बघितला असता. त्यानेही बघितला असता. तो बसून राहिला. ब्याऐंशी झाले. चौऱ्याऐंशी झाले. घरघर, घरघर, खट्. तेलाअभावी अंधारात जेवणारी माणसं तिच्यासाठी तो आवाज चालू ठेवत होती, आणि तोच आवाज त्यांना धरून देत होता. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा एकच माणूस होता.

तो उठला आणि टेकडीच्या उतारावर काजूच्या झाडांत गेला. केंद्रातली माहिती बाहेर सांगणं गुन्हा होता. ते त्याला आठवलं, पण फार वेळ विचार न करता त्याने जहाजावरच्या फोनचा नंबर लावला.

"दिलावर, कॉम्प्रेसर बंद करा."

"काय?"

"कोल्डरूमचा. आत्ता. तुम्ही आमच्या केबलवर आलाय. बाकी काही यंत्राला ओळखता येत नाही, तेवढंच ओळखू येतंय. दुपारपर्यंत तुमचं खरं नाव कोर्टात पोचेल."

"तुम्हाला कसं..."

"मीच दिला तो आवाज. तिच्या फोनवरून काढून. ती घरी यावी म्हणून."

दिलावर हळूच म्हणाला, "पुढे गेल्यावर परत चालू करतो. केबल ओलांडली की."

"पुढे आणखी तीन आहेत. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत. कुठे ना कुठे ऐकतीलच."

"मग ताईंना कसं ठेवू? या उकाड्यात चार दिवस?"

"ठेवू नका."

"गुरुभाऊ, मी शब्द दिलाय."

"शब्द मला दिलाय ना? मी परत घेतो." गुरुनाथने झाडाला हात टेकला. "समुद्राला द्या तिला. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत. आज सांगतो."

वारा होता. काजूची पानं वाजत होती.

"मला तुमच्यातलं काही म्हणता येत नाही," दिलावर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आमच्यातलं येतं. ते चालेल?"

"चालेल. तिच्या भांडारात नारळ असेल बघा."

"दोन आहेत. तुमच्या मालवणचे. कुणी हात लावला नाही."

"एक तिच्याबरोबर सोडा."

"कापड मी शिवीन," दिलावर म्हणाला. "नवं ताडपत्रीचं आहे. बारीक टाके घालीन, गुरुभाऊ. पोरांना हात लावू देणार नाही."

"आणि तिचं लाटणं असेल तर..." गुरुनाथ म्हणाला.

"समजलं," दिलावर म्हणाला. "ठेवतो."

गुरुनाथ परत येऊन खुर्चीत बसला. आकडा सत्त्याऐंशी होता. केतकी पलीकडच्या टेबलावर होती. रेघ खाली सरकत होती, ठिपका, ठिपका, ठिपका. एकोणनव्वद. कुणी बंद करत नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराने क्षणभर बरंही वाटलं.

मग रेघ थांबली. पडद्यावर वरून नुसतं निळं उतरू लागलं. शेवटचा खट् येऊन गेला होता आणि तो शेवटचा आहे हे येताना कळलं नव्हतं.

आकडा घसरायला लागला. ऐंशी, सहासष्ट, एक्केचाळीस. यंत्राने लिहिलं: अनोळखी जहाज.

केतकी उठून जवळ आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या मुठीतल्या फोनकडे, मग त्याच्या चपलांना लागलेल्या काजूच्या ओल्या पाल्याकडे.

"त्या तेलवाल्याला मी काय सांगायचं?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," गुरुनाथ म्हणाला. "काय शिक्षा असेल ती सांगा."

केतकी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. चष्मा काढून हातात धरला. "नमुना शोधयादीतून काढते," ती म्हणाली. "कॉम्प्रेसर आता चालणार नसेल तर ठेवून उपयोग नाही. नोंदीत तेवढंच लिहीन." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "यापुढे त्या जहाजावरून पाण्यात जे काही सोडतील ते केबलला ऐकू जाईल. जागा अगदी जवळपास सांगता येईल. तुम्हाला हवी आहे का?"

गुरुनाथ पडद्याकडे बघत राहिला. उद्या, परवा, दहा वर्षांनी, कधीही नकाशा उघडला की तिथे एक ठिपका असेल. न हलणारा.

"नको," तो म्हणाला. त्याने हेडफोन टेबलावर ठेवले, पडद्याकडे पाठ केली आणि पाळी संपेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

*

पालाशविधी मालवणच्या किनाऱ्यावर झाला. संदेशने पळसाची पानं आणली होती. भटजी वाळूत बसून पानांचे हात, पाय, छाती बांधत होते. सासूला खुर्ची दिली होती, पण ती खालीच बसली.

विधी सुरू व्हायच्या आधी दिलावर आला. तोंड उन्हाने काळं पडलेलं, अंगात नवा, घडीच्या खुणा असलेला सदरा. पोरं आपापल्या घरी पोचली होती. सगळ्यात लहान जो होता त्याची आई त्याला घ्यायला स्टेशनवर आली होती, असं त्याने सांगितलं. मग पिशवीतून नारळ काढून गुरुनाथच्या हातात दिला.

"दुसरा," तो म्हणाला.

गुरुनाथने तो भटजींपुढे ठेवला. "डोक्याला हा घ्या."

भटजींनी हात पुसले. "एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "देहाचा ठावठिकाणा नसेल तरच हा विधी करतात. जागा ठाऊक असली तर निराळं. देह कुठे आहे, कुणाला माहीत आहे का?"

दिलावर सारंग होता. ती वेळ, ते अक्षांश-रेखांश, तिथला वारा, सगळं त्याला पाठ होतं, मरेपर्यंत पाठ राहणार होतं. त्याने तोंड उघडलं. गुरुनाथने त्याचं मनगट धरलं.

"नाही, भटजी," गुरुनाथ म्हणाला. "ठाऊक नाही."

सासूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दिलावर खाली वाळूकडे बघत राहिला. गुरुनाथने त्याचं मनगट सोडलं नाही.

भटजींनी नारळ उचलून पानांच्या माणसाच्या डोक्याशी बसवला. तो थोडा कलंडला तेव्हा त्यांनी खाली वाळू भरली. मग सासू गुडघ्यावर हात टेकत उठली, पुढे झाली, आणि तिने सवाष्ण गेलेल्या आपल्या लेकीला कुंकू लावलं.